कोक ओव्हनच्या छतावरील कार्बन : जळगावच्या वर्कशॉपमधील प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

छत्तीसगडमधील एका पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागाकडून, म्हणजे कोळसा हवेविना तापवून कोक करणाऱ्या भट्ट्यांच्या विभागाकडून, काम आले आहे. बॅटरी, म्हणजे अशा ओव्हनची सलग रांग, जुनी असून तिच्यातील ओव्हन ४.३ मीटर उंचीचे आहेत. एक ओव्हन साधारण १४ मीटर लांब आणि सरासरी ४१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे सिलिका विटांच्या दोन भिंतींमधली ती एक उंच, खोल आणि अरुंद फटच असते. कारखान्याला आमच्याकडून दोन वस्तू हव्या आहेत : वरच्या चार्जिंग होलमधून (कोळसा भरायच्या भोकातून) आत सोडायचे हवेचे लान्स, म्हणजे भोके असलेले लांब पाइप, आणि तयार कोक ढकलून बाहेर काढणाऱ्या पुशर यंत्राच्या रॅमवर (दांड्यावर) बसवायचा, छताखालचा कार्बन खरवडणारा स्क्रेपर.

आमच्या वर्कशॉपचे नेहमीचे काम डाळ मिलच्या यंत्रांचे आणि पाइप कारखान्यांच्या सुट्या भागांचे आहे. हे काम आमच्याकडे आले, कारण दीपनगरच्या औष्णिक केंद्रात बॉयलरच्या सूटब्लोअर लान्सवर वर्षानुवर्षे काम केलेले दोन फिटर आमच्याकडे आहेत. त्यांपैकी थोरल्यांना सगळे आबा म्हणतात. सूटब्लोअरमध्ये वाफेच्या झोताने नळ्यांवरची राख उडवली जाते. कोक ओव्हनमध्ये मात्र कार्बन उडवायचा नसून जाळायचा असतो. हा फरक पहिल्याच दिवशी सर्वांना समजावून सांगितला, कारण लान्सची सगळी रचना त्यावरच ठरणार आहे.

कार्बन बसतो तो असा. कोळसा हवेविना तापू लागला की त्यातून निघणारा वायू आणि डांबराची वाफ कोळशाच्या वरच्या मोकळ्या जागेतून स्टँडपाइपकडे, म्हणजे वायू बाहेर नेणाऱ्या उभ्या पाइपकडे, जाते. कोळसा भरून समतल केल्यावर ही जागा साधारण ३०० मिलिमीटर उंचीची राहते. तेथील तापमान ८५० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि वायू तेथे जास्त वेळ रेंगाळला, की त्यातील हायड्रोकार्बनचे रेणू तुटतात. हायड्रोजन पुढे निघून जातो आणि कार्बन विटेवर थराथराने बसत जातो. भरताना उडालेली कोळशाची बारीक पूडही त्यात मिसळते. पुढे चार्जिंग होल अरुंद होतात, कोळसा समतल करणारा लेव्हलर बार अडखळतो, वायूची वाट आकसल्यामुळे आतला दाब वाढून दारांतून धूर निघतो, आणि पुशरच्या मोटरचा करंट चढत जातो. शेवटी एखाद्या दिवशी कोक अडकतो. कारखान्यात अशा ओव्हनला स्टिकर म्हणतात. अडकलेला कोक जोर लावून ढकलला, तर तो जोर बाजूच्या भिंतींवर येतो, आणि एकदा भिंत फुगली किंवा विटा निखळल्या की तो ओव्हन पूर्वीसारखा कधीच होत नाही.

९ फेब्रुवारी

मागवलेला नमुना आज पार्सलने आला. छतावरून पडलेला कार्बनचा तुकडा आहे, तळहाताहून थोडा मोठा. तो टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला. वायूकडची बाजू मऊ, काळी आणि सच्छिद्र आहे. बोट फिरवले की काजळी लागते. त्याखालचे थर दाट होत गेले आहेत, आणि विटेला चिकटलेल्या बाजूला पेन्सिलीच्या शिशासारखी करडी चकाकी आहे. तेथे करवतीचे पाते लावले, तर पात्याचे दातच बोथटले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट विटेकडच्या त्या चकचकीत बाजूवर आहे. दोन विटांचा सांधा जेथे होता, तेथे कार्बनची एक सरळ, पातळ कड बाहेर उभी राहिलेली आहे. म्हणजे हा कार्बन विटेवर नुसता बसलेला नव्हता, तो सांध्यात शिरला होता. भिंतींमध्येही हेच घडते, आणि तेथे त्याला मोठे मोल आहे. ओव्हनच्या भिंतीपलीकडे लगेच फ्ल्यू, म्हणजे आत इंधन जळणारे पोकळ मार्ग, असतात. सांधे उघडे असले, तर कोळसा भरल्याबरोबर कच्चा वायू फ्ल्यूमध्ये शिरतो आणि चिमणीतून काळा धूर येतो. सांध्यांत बसलेला कार्बन ही गळती बंद ठेवतो. नवी बॅटरी सुरू झाल्यावर तिच्या भिंतींवर असा पातळ थर बसण्याची वाट पाहिली जाते, ती यासाठीच.

त्यामुळे आमच्या कामाची व्याख्या आजच बदलून लिहिली. मूळ पत्रात ‘कार्बन पूर्णपणे काढणे’ असे शब्द होते. आम्ही उत्तरात लिहिले : ‘छत, चार्जिंग होल आणि स्टँडपाइपचे तोंड येथील जादा कार्बन काढणे, भिंतींच्या सांध्यांतील कार्बन राखणे.’ माझ्या मते या प्रकल्पाचे यश किती कार्बन निघाला यापेक्षा आपण कोठे थांबलो यावर ठरणार आहे.

१४ फेब्रुवारी

स्क्रेपर हवा की हवा हवी, यावर दुपारभर चर्चा झाली. केवळ स्क्रेपर वापरला, तर वरचा ठिसूळ थर निघतो. पण आतल्या दाट थरावर पाते आदळते, आणि तो थर विटेसकट उपटला जाण्याची भीती असते. केवळ हवा वापरली, तर जाड थर जाळायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ओव्हन रिकामा ठेवणे उत्पादनाला आणि भिंतीला, दोन्हींना परवडत नाही. शेवटी क्रम असा ठरला : साठलेला जुना थर आधी हवेने जाळून सैल करायचा, आणि नंतर तो पुन्हा वाढू नये म्हणून प्रत्येक पुशच्या वेळी स्क्रेपर हलकेच फिरत राहील अशी योजना करायची.

काम लवकर उरकावे म्हणून हवेचा दाब वाढवावा, अशी सूचना एका तरुण फिटरने केली. आबांनी तुकडा हातात फिरवत म्हटले, “भाऊ, हाई घाईनं काम नही शे.” आणि ते बरोबरच होते.

२६ फेब्रुवारी

हिशेब पूर्ण केला. एक किलो कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड व्हायला प्रमाण स्थितीतील सुमारे ८.९ घनमीटर हवा लागते, आणि त्यातून सुमारे ३२.८ मेगाज्यूल उष्णता निघते. हवा कमी पडून नुसता कार्बन मोनॉक्साइड झाला, तर उष्णता ९.२ मेगाज्यूलच्या आसपास राहते. या दोन आकड्यांमधील अंतरातच धोका आणि उपाय दोन्ही आहेत. एकाच जागी जोरदार झोत मारला, तर तेवढ्या जागेवर पूर्ण ज्वलन होऊन विटेचा पृष्ठभाग भडकतो, तर झोताच्या अगदी समोरची जागा गार हवेने थंड पडते. सिलिका विटेला हे दोन्ही सोसत नाही. लाल तापलेली सिलिका वीट तापमानातले चढउतार बऱ्यापैकी झेलते. पण ती सुमारे ६०० अंशांच्या खाली उतरली की तिच्यातील स्फटिकांची रचना बदलू लागते, आकारमान एकदम बदलते आणि वीट तडकते. म्हणून एकदा पेटवलेली बॅटरी तिच्या आयुष्यात कधी थंड होऊ दिली जात नाही.

यावरून लान्सचे तोंड ठरले. झोत वर छताकडे न जाता छताला समांतर, ओव्हनच्या लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंना जावेत. एका मोठ्या भोकाऐवजी अनेक लहान भोके असावीत. भिंतींच्या दिशेने एकही भोक नसावे. लान्स होलमध्ये फिरवून चुकीच्या कोनात बसवला जाऊ नये म्हणून त्याच्या फ्लँजला (वरच्या कडेच्या चकतीला) खाच ठेवायची, आणि होलच्या चौकटीत ती खाच एकाच स्थितीत बसेल अशी चावी द्यायची. कामगार आगीच्या तोंडाशी, वाकून, जड हातमोजे घालून काम करणार आहेत. अशा वेळी कोन डोळ्यांनी जुळवा, असे त्यांना सांगणे योग्य नव्हे.

४ मार्च

पाइपसाठी एसएस ३१० (३१० दर्जाचे स्टेनलेस स्टील) ठरवले. त्यात सुमारे २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल असते, आणि ११०० अंशांच्या आसपासपर्यंत त्याच्यावर फारशी खपली धरत नाही. एसएस ३०४ निम्म्याहून स्वस्त पडले असते, पण या उष्णतेत ते टिकले नसते. सव्वा मीटरचा पाइप ९०० अंशांनी तापल्यावर जवळपास १९ मिलिमीटर वाढेल, म्हणून तो वरच्या फ्लँजलाच टांगायचा आणि खाली मोकळा सोडायचा. वेल्डिंगची वायरही ३१० याच दर्जाची घेतली.

१८ मार्च

एमआयडीसीतीलच एका उष्णतोपचार करणाऱ्या कारखान्याने रात्रीच्या पाळीत भट्टी वापरू दिली. नमुन्याचे तुकडे करून ते सिलिका विटेवर ठेवले आणि लहान लान्समधून हवा सोडून पाहिली. सच्छिद्र थर ७०० अंशांनाच धुमसू लागला आणि पाहता पाहता खाली बसला. दाट थराने त्याच तापमानाला फारशी दाद दिली नाही. ९०० अंशांच्या वर तो कडांकडून हळूहळू झिजला. झोत थेट तुकड्यावर मारला तेव्हा मध्यभाग काळवंडून थंड पडला आणि फक्त कडा पेटत राहिल्या. झोत विटेला समांतर ठेवला तेव्हा सगळा पृष्ठभाग एकसारखा नारिंगी झाला. आकडेमोडीतून जे निघाले होते, ते येथे सर्वांना डोळ्यांनी दिसले, आणि त्यानंतर दाब वाढवण्याचा विषय कोणी काढला नाही.

आणखी एक गोष्ट दिसली. भट्टीतून काढलेला अर्धवट जळलेला तुकडा थंड होताना आपोआप पापुद्र्यांनी सुटला. दाट आणि सच्छिद्र थर सारखे आकसत नाहीत, हे त्याचे कारण असावे. ओव्हनमध्ये याचा फायदाच होईल. मात्र पडलेले पापुद्रे नवा कोळसा भरण्यापूर्वी बाहेर काढावे लागतील.

२ एप्रिल

स्क्रेपरचे पाते बिजागरीवर बसवले आहे. समोर कठीण अडथळा आला की ते मागे झुकते, आणि मागच्या वजनामुळे पुन्हा उभे राहते. पक्के वेल्ड केलेले पाते अधिक कार्बन काढेल, हे खरे. पण छतातील एखादी वीट थोडी जरी खाली आलेली असली, तरी ते तिला घेऊनच बाहेर येईल. छत आणि पाते यांत ४५ मिलिमीटर अंतर ठेवले आहे. कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाला हे अंतर कमी हवे होते. आम्ही त्यांना फोनवर सविस्तर कारणे सांगितली आणि अंतर तेच राखले.

९ एप्रिल

पाडवा. माल काल सायंकाळी ट्रकमध्ये चढला.

२२ एप्रिल

जळगावहून हावडा मार्गाच्या गाडीने आलो. सोबत आबा आणि धाकटा फिटर आहेत. सकाळी सुरक्षा विभागाचे प्रशिक्षण झाले, प्रत्येकाच्या खिशाला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र लावले गेले आणि मग बॅटरीच्या माथ्यावर चढलो. पायांखालच्या विटांची उष्णता जाड तळव्यांतूनही जाणवते. येथील कामगार बुटांखाली लाकडी तळ बांधतात. खानदेशातला उन्हाळा सोसलेल्या माणसांनाही ही उष्णता वेगळी वाटते, कारण ती खालून येते. त्यात डांबराचा वास आहे, आणि त्या धुरात कर्करोगकारक घटक असतात. येथे लिडमन म्हणून, म्हणजे होलच्या झाकणांवर, काम करणारी माणसे पाळीभर या माथ्यावर वावरतात. आपले काम नीट झाले तर दारांची आणि झाकणांची गळती कमी होणार आहे, म्हणजे पहिला लाभ त्यांना होणार आहे, हे मी दोघांच्याही मनावर बिंबवले.

पहिल्यांदा घेण्यासाठी निवडलेला ओव्हन रिकामा झाल्यावर दारे परत लावली. स्टँडपाइप कलेक्टिंग मेनपासून (सर्व ओव्हनचा वायू गोळा करणाऱ्या मुख्य पाइपपासून) तोडला, म्हणजे मधली झडप पाण्याच्या सीलसह बंद केली, आणि मगच स्टँडपाइपचे वरचे झाकण उघडले. या क्रमात तडजोड नाही. कोक ओव्हन गॅसमध्ये निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो, आणि हवेत या गॅसचे प्रमाण साधारण ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आले की ठिणगीसरशी स्फोट होतो. झडप खरोखर बंद आहे की नाही, हे दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहून सही करायची, असा नियम आम्ही सुचवला आणि पाळी प्रमुखांनी तो तेथल्या तेथे स्वीकारला. शेजारच्या दोन्ही ओव्हनमधील कोळसा अर्धा शिजलेला असावा, हेही आधी पाहून घेतले होते. नुकत्याच भरलेल्या ओव्हनमधील कोळसा फुगून भिंतीवर दाब टाकतो, आणि त्या वेळी पलीकडचा ओव्हन रिकामा असेल, तर भिंतीला दुसऱ्या बाजूने आधार राहत नाही.

मधल्या होलची कड कार्बनने इतकी भरली होती, की लान्स आत जाण्यासाठी आधी सळईने वाट मोकळी करावी लागली. लान्स बसवला, खाच चावीत बसली आणि हवा हळूहळू २ बारपर्यंत नेली. शेजारच्या होलमधून पाहिले, तर छताखालून नारिंगी पट्टा दोन्ही बाजूंना सरकत होता. भिंती मंद लाल होत्या आणि तशाच राहिल्या. स्टँडपाइपच्या तोंडावर निळी ज्योत उभी राहिली. हा कार्बन मोनॉक्साइड वर येऊन मोकळ्या हवेत जळत होता. आबा दुरून तापमान मोजणारा पायरोमीटर घेऊन बसले होते आणि दर दोन मिनिटांनी आकडा पुकारत होते. कारखान्याने विटेच्या पृष्ठभागासाठी १२५० अंशांची मर्यादा घातली होती. आकडा ११८०च्या पुढे गेला की आम्ही हवा कमी करत होतो.

निळी ज्योत आखूड झाली, तशी हवा बंद करून टोक वाकवलेल्या सळईने छत चाचपले. वरचा थर गेला होता, खालचा चिवट थर शिल्लक होता. धाकट्या फिटरला आणखी एक फेरी हवी होती. आम्ही तेथेच थांबलो.

२४ एप्रिल

रॅम रिकाम्या ओव्हनमधून फिरवला, तेव्हा पापुद्र्यांचा मोठा ढीग बाहेर आला. त्यांतील काही तुकड्यांवर आपल्या टेबलावरच्या नमुन्यासारखीच सांध्याची कड होती. छताच्या सांध्यांतून कार्बन निघाला तर फारसे बिघडत नाही, कारण छतापलीकडे फ्ल्यू नाहीत. पण कडा पाहून प्रत्येक तुकडा कोठला आहे हे ठरवता येते, आणि भिंतीचा तुकडा दिसला तर लगेच थांबता येते. म्हणून बाहेर पडलेला ढीग पाहिल्याशिवाय पुढचा ओव्हन घ्यायचा नाही, असे ठरवले. नवा कोळसा भरल्यावर चिमणीकडे लक्ष ठेवायला एक माणूस बसवला होता. काळा धूर आला नाही.

८ मे

परवा आखाजी आहे, त्यामुळे निम्मे कामगार गावी गेले आहेत आणि वर्कशॉप शांत आहे. त्याचा उपयोग करून वापरून परत आलेला लान्स तपासला. पाइप सरळ आहे. चिरा उघड करणारा रंग (डाय पेनिट्रंट) लावल्यावर एका भोकाच्या काठावर केसाएवढी चीर दिसली, आणि ती नेमकी ड्रिलची धार राहिलेल्या ठिकाणी आहे. यापुढे प्रत्येक भोकाचा काठ आतून-बाहेरून गोल करायचा.

२७ मे

कारखान्याने पाठवलेल्या पुशिंग करंटच्या नोंदी वाचल्या. साफ केलेल्या ओव्हनचे करंट उतरले आहेत आणि स्थिर आहेत. त्याहून उपयोगाची गोष्ट नोंदींच्या दुसऱ्या स्तंभात सापडली. ज्या ओव्हनमध्ये कार्बन सर्वांत जाड होता, त्यांत कोळसाही सातत्याने कमी भरला जात होता. ओव्हनमध्ये कोळसा भरणाऱ्या चार्जिंग कारच्या हॉपरमध्ये कोळशाचे माप ठरवणारा गोल स्लीव्ह एका बाजूने झिजला होता. कोळशाची पातळी खाली राहिली की वरची मोकळी जागा वाढते, छत अधिक तापते, वायू तेथे जास्त वेळ राहतो, आणि नेमका तेथेच कार्बन वेगाने बसतो. लान्स कितीही चांगला केला, तरी भरणी अशीच राहिली तर तोच थर पुन्हा चढेल. हे काम आमच्या करारात नाही, तरी तसे सविस्तर पत्र पाठवले, आणि स्लीव्हचे माप पाठवल्यास नवा करून देऊ, असेही कळवले.

१२ जून

पाऊस सुरू झाला आहे. कार्यपद्धतीचा मसुदा आज पूर्ण केला. त्यात थांबण्याच्या खुणांना सुरुवातीलाच जागा दिली आहे : निळी ज्योत आखूड होणे, सळईला चिवट थर लागणे, ढिगात भिंतीचा तुकडा दिसणे. यांपैकी कोणतीही एक खूण दिसली, की हवा बंद. मसुदा हिंदीतही करून दिला आहे, कारण माथ्यावर काम करणाऱ्यांना तो वाचता आला पाहिजे.

एक ओव्हन आम्ही मुद्दाम सोडला आहे. त्याच्या पुशरकडच्या भिंतीत उभ्या भेगा आहेत आणि त्या सध्या कार्बननेच बुजलेल्या आहेत. तेथे हवा सोडली, तर भेगा मोकळ्या होतील आणि वायू थेट फ्ल्यूमध्ये जाईल. सिरॅमिक वेल्डिंगमध्ये सिलिकाची पूड आणि सिलिकॉन धातू ऑक्सिजनच्या झोतातून तापलेल्या भिंतीवर मारून भेगा सांधतात. ते काम झाल्याशिवाय त्या ओव्हनला लान्स लावू नये, असे लेखी कळवले होते. कारखान्याने ते मान्य केले असून दुरुस्ती पावसाळ्यानंतरच्या आराखड्यात घेतली आहे. स्लीव्हचे मापही आजच्या टपालाने आले आहे. दुसऱ्या लान्स संचाचे पाइप आणि तो स्लीव्ह, दोन्ही कामे सोमवारी एकत्रच हाती घ्यायची आहेत.